सासऱ्यांचे तीन गुण

"उद्यापासून या खोऱ्यात गुणांवरून भांडण होणार नाही," थिनलेने जेवताना जाहीर केलं आणि मिरच्या-चीजच्या भाजीत कालवलेल्या लाल भाताचा मोठा घास तोंडात टाकला.

सासरे आपा गेम्बो यांनी मान वर केली. "मग आम्ही दिवसभर करायचं काय?"

प्रश्न रास्त होता. पारोच्या खोऱ्यात तिरंदाजीच्या सामन्यात तीर मारायला जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट वेळ तो कुठे पडला यावर जातो. मोजणीची पद्धत तशी सोपी. निशाणाच्या लाकडी फळीला तीर लागला तर दोन गुण. मधल्या ठिपक्यात बसला तर तीन. फळी चुकली, पण तीर फळीपासून एका बाणाच्या लांबीच्या आत रुतला तर एक. जो संघ आधी पंचवीस करेल तो जिंकला. एवढं तर पहिलीतलं पोरही सांगेल. पण सात गुण की आठ, यावरून दोन घरांमध्ये तीन वर्षं येणं-जाणं बंद असल्याची उदाहरणं त्या गावात होती.

थिनले राजधानी थिंफूच्या कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. दोन महिने खपून त्याने सामन्याचे गुण मोजणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. इंटरनेट नको, काही नको. टेबलावर कॉम्प्युटर ठेवायचा, तिरंदाजाचं नाव निवडायचं, गुण टाकायचे, 'पुढचा' हे बटण दाबायचं. बेरीज आपोआप होणार आणि मंडपातल्या मोठ्या टीव्हीवर दोन्ही संघांचे आकडे झळकणार. सामन्याच्या समितीकडून त्याने एक कागदही लिहून घेतला होता: यंत्र दाखवेल ते गुण खरे, तोंडी तक्रार चालणार नाही. त्या कागदावर दुसरी सही खुद्द आपा गेम्बोंची होती.

लग्न झाल्यापासून थिनले सासुरवाडीतच राहत होता. तिकडे रीतच तशी आहे, त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण आपा गेम्बो वरच्या गावच्या संघाचे कप्तान, आणि जावयाने आठ वर्षांत एकदाही धनुष्य उचललेलं नव्हतं. गावात कुणी विचारलं, "जावई काय करतो?" तर ते एवढंच म्हणत, "बसतो."

उद्या या बसण्याचं सोनं होणार होतं.

"नीट तपासलंयस ना?" बायकोने, छिमीने, विचारलं.

"तीनशे तीर मारून बघितलेत."

"कुठून?"

"खुर्चीतून."

आपा गेम्बो भातात बघून हसले. पण सकाळी निघताना त्यांनी स्वतः टीव्हीचं खोकं खांद्यावर घेतलं, आणि वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांना न विचारताच सांगितलं, "जावयाचं यंत्र आहे." थिनलेने ते ऐकलं. त्याने लॅपटॉप अंगरख्याच्या पोटाशी सुटलेल्या खिशात ठेवला होता. त्यात छातीही फुगल्यामुळे तो गावच्या सावकारासारखा दिसत होता.

मैदानात दोन फळ्या, त्यांच्यामध्ये जवळजवळ दीडशे मीटर गवत. मधोमध बाजूला मंडप. मंडपात टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपपुढे रिंझिनबाई, तिकडच्या भाषेत आउम रिंझिन. पोस्टात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या बाई दोन्ही गावांना मान्य होत्या, कारण त्या दोन्ही गावांना सारख्याच बोलत.

"नाव, गुण, पुढचा. एवढंच ना?" त्यांनी चष्मा चढवला.

"एवढंच. आणि सुरू करताना तुमचं नाव आणि पासवर्ड."

"पासवर्ड मी कागदावर लिहून घेतलाय."

"आउम, तो कागदावर लिहायचा नसतो."

"मग काय गोंदवून घेऊ?"

सामना सुरू झाला. खालच्या संघाचा कप्तान चेंचो, गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक. पोट असं की धनुष्य ताणताना त्याला ते बाजूला सरकवावं लागे. त्याचा पहिलाच तीर फळीला लागला. लगेच त्याच्या संघातले सगळे फळीपुढे ओळीत उभे राहिले, हात वर करून गिरक्या घेत गाऊ लागले. नाच झाल्यावर त्याच्या कमरेला एक रंगीत फडकं खोचलं गेलं. वरच्या गावच्या बायकांनी त्यावर चेंचोच्या पोटाविषयी एक ओळ गायली, खालच्या गावच्या बायकांनी तिला उत्तर दिलं, आणि खेळ पुढे चालू झाला.

थिनले मंडपाच्या खांबाला टेकून हे बघत होता. आउम रिंझिन बोट उचलून नेमकं बटण दाबत होत्या. टीव्हीवर आकडे हलत होते. आयुष्यात आणखी काय हवं असतं माणसाला?

अकराच्या सुमारास आपा गेम्बोंचा तीर मधल्या ठिपक्यात बसला.

चार वर्षांत त्यांना ठिपका साधला नव्हता. गुडघा दुखतो, डोळ्यांत पाणी येतं, आता तरुणांना जागा द्या, असं संघातच कुजबुजू लागले होते लोक. आणि आता तो तीर ठिपक्यात थरथरत होता. वरच्या संघाने असा नाच केला की गवतात गोल पडला. आपांच्या कमरेला पिवळं फडकं खोचताना छिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपांनी जावयाकडे बघितलं आणि टीव्हीकडे बोट केलं. म्हणजे, मांड.

जेवणाच्या सुट्टीत ते टीव्हीपुढे उभे राहिले. एका हातात भाताची वाटी, दुसऱ्या हातात लोणी घातलेल्या खाऱ्या चहाचा पेला. मग म्हणाले, "थिनले, हे वाच बरं. मला चष्मा नाही."

थिनलेने वाचलं. "वरचा संघ आठ. खालचा संघ सात."

"खाली. नावांपुढे काय आहे?"

"गेम्बो," थिनले म्हणाला आणि थांबला.

"पुढे?"

"शून्य."

मंडपातली माणसं खाता खाता थांबली.

"तीर दिसला होता ना तुझ्या यंत्राला?"

"आपा, यंत्राला तीर दिसत नाही. आउम गुण टाकतात."

सगळे आउम रिंझिनकडे वळले. त्यांनी पेला खाली ठेवला. "मी तीन टाकले. हे बघ, या बोटाने. टीव्हीवर तीन आलेलेही मी पाहिले."

"तुम्ही काही वेगळं केलंत का, आउम?" थिनलेने हळूच विचारलं.

"वेगळं? तीस वर्षांत मी पत्रावर तिकीटसुद्धा वेगळ्या कोपऱ्यात लावलं नाही. तू सांगितलंस तसंच केलं."

तेवढ्यात चेंचो हात पुसत आला. "आमचेही तीर गेलेत. माझाच पहिला तीर फळीला लागला होता. माझ्यापुढे एक मांडलाय, तोसुद्धा नंतरच्या तिराचा."

थिनलेने घाईघाईने सगळी यादी चाळली. सकाळपासूनच्या यादीत जिकडे तिकडे एक. एक, शून्य, एक, शून्य. दोनचा किंवा तीनचा आकडा औषधालाही नव्हता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अशा वेळी एक आनंद होतो, आणि तो इतरांना दिसता कामा नये. चुकीला आकार सापडला की निम्मं काम झालं असं त्याला वाटतं. थिनलेनेही मनात म्हटलं, सापडलं: याला एकपेक्षा मोठा आकडा जिरत नाही. त्याने लॅपटॉप ओढला, गेम्बो हे नाव निवडलं, तीन टाकले, 'पुढचा' दाबलं. टीव्हीवर गेम्बोंपुढे तीन आले.

"आले बघा," आपा म्हणाले.

"ही चाचणी होती, आपा. पुसतो."

"पुसतोस कशाला? राहू दे की."

त्याने पुसलं. मग दोन टाकून बघितले. मग तीन आणि दोन. चाळीस वेळा वेगवेगळे आकडे टाकले. चाळीसही वेळा बेरीज बरोबर आली. गेम्बोंपुढे तीन उमटत आणि पुसले जात. शेजारी उभे राहून आपा गेम्बो प्रत्येक वेळी ते बघत. अकरा-बारा वेळा बघितल्यावर ते निघून गेले.

एव्हाना खालच्या गावच्या बायकांना विषय मिळाला होता.

"गेम्बोचा बाण गं गेला कुठं?
जावयाच्या पेटीत मुरला तिथं."

चालही चांगली बसली होती. वरच्या गावच्यासुद्धा दोघी-तिघी हळूच ठेका धरत होत्या.

मग थिनलेने संकटात सगळेच करतात ते सगळं केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. टीव्हीची वायर काढून फुंकून पुन्हा लावली. सॉफ्टवेअर काढून टाकून नव्याने घातलं. बेरजेचा भाग पुन्हा वाचला, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीवर 'इथवर आलो' असं एका फाईलीत लिहून ठेवायला प्रोग्रॅमला सांगितलं. मूल शाळेतून घरी येताना हरवतं तेव्हा आपण त्याला सांगतो ना, वाटेत प्रत्येक दुकानात तोंड दाखवत ये, तसं. म्हणजे कुठून दिसेनासं झालं ते कळतं.

तो हे करत असताना वरच्या संघाचे ज्योतिषी टेबलाभोवती फिरत होते. प्रत्येक संघाला ज्योतिषी असतो. कुणी आधी तीर मारायचा, कुणी कुठल्या दिशेने मैदानात यायचं, हे तोच ठरवतो. त्यांनी टेबलाच्या पायाला पायाने ढोसलं.

"हे टेबल दक्षिणेला तोंड करून आहे. आज दक्षिण खाणारी आहे."

"काय खाणारी?"

"मोठं काही दिलं तर खाते. लहान सोडते." त्यांनी टीव्हीकडे हनुवटी केली. "एक सोडला, दोन खाल्ले, तीन खाल्ले. तुझ्या आकड्यांत तेच दिसतंय ना?"

थिनलेच्या स्पष्टीकरणापेक्षा हे चांगलं होतं. चौघांनी टेबल उचललं आणि पूर्वेला तोंड करून ठेवलं. थिनलेने 'इथवर आलो' लावून झाल्यावर लॅपटॉप आउम रिंझिनपुढे सरकवला. खेळ पुन्हा सुरू झाला.

आणि सगळं ठीक चालू लागलं. एक तास झाला, दीड तास झाला. आउम जो गुण टाकतील तो यादीत दिसायचा. एकही हरवला नाही.

"वायर सैल होती," थिनले ज्योतिष्यांना म्हणाला.

"पूर्व चांगली," ज्योतिषी थिनलेला म्हणाले.

दोघांनीही एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली नव्हती. दुपारी खोऱ्यातून वारा सुटला होता. असा वारा की तीर निघायचा फळीकडे आणि पडायचा बटाट्याच्या शेतात. दीड तासात एकही तीर फळीला लागला नाही. कुणाचा जवळ रुतला तर एक मिळे, एवढंच.

चारला वारा पडला. चेंचोने पोट सरकवलं, तीर सोडला, फळीतून टणक आवाज आला. खालच्या संघाने लांबलचक नाच केला. त्यानंतर तीन तीर झाल्यावर थिनलेने यादी बघितली. चेंचोच्या त्या तिराचे दोन गुण नव्हते.

त्याने 'इथवर आलो'ची फाईल उघडली. इथवर आलो, इथवर आलो, इथवर आलो. कुठेही अडखळणं नाही, कुठेही चूक नाही. बेरीज करणाऱ्या भागाला त्या तिराची गंधवार्ताच नव्हती. मूल वाटेत हरवलंच नव्हतं. ते शाळेतून निघालंच नव्हतं.

मंडपात आता दोन्ही संघ जमले. टीव्हीवर वरचा संघ चौदा, खालचा संघ तेरा.

"जावई कुणाचा?" चेंचो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गेम्बोचा. पुढे कोण? गेम्बोचा संघ. मला आणखी काही बोलायचं नाही."

"माझा?" आपा गेम्बो उसळले. "माझ्या नावापुढे शून्य आहे, दिसत नाही तुला? जावयाने आधी सासऱ्याला खाल्लंय, मग तुम्हाला."

"आपा," छिमी त्यांच्या कानाशी लागली, "आपण एका गुणाने पुढे आहोत. कशाला वाढवता?"

"माझा तीर ठिपक्यात होता."

"हो, पण..."

"चार वर्षांनी. ठिपक्यात."

समितीचे प्रमुख लोपोन छेवांग उठले. लोपोन म्हणजे गुरुजी. पस्तीस वर्षं त्यांनी दोन्ही गावांच्या मुलांना गणित शिकवलं होतं. चेंचोला, छिमीला, ज्योतिष्यांनासुद्धा. त्यांनी खिशातून तो सह्यांचा कागद काढला.

"लिहिलंय तसं लिहिलंय. यंत्र दाखवेल ते खरं. पण यंत्रच चुकतं असं थिनलेने सगळ्यांदेखत दाखवून दिलं, तर गेलेले गुण परत. दोन्ही संघांचे. नाही दाखवता आलं, तर पडद्यावर आहे तेच कायम, आणि पुढच्या सामन्यापासून पाटी आणि खडू. मान्य?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपा गेम्बो थिनलेच्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शून्य घेऊन मी घरी जाणार नाही." दोन पावलं गेल्यावर ते वळले. "आणि शून्य असलं तर तूही येऊ नकोस."

थिनले खुर्चीत बसला. "लोपोन, मी सगळं तपासलंय. चाळीस वेळा तीन टाकले. चाळीसही वेळा बरोबर आले. माझ्यापुढे हे कधीच चुकत नाही."

"हं," लोपोन त्याच्याशेजारी बसले. "मुलाचं उत्तर चुकलं की मी त्याच्या वहीत डोकं घालत नसे. त्याला म्हणायचो, हेच गणित माझ्यादेखत पुन्हा कर. घाई नको. काही गाळू नको. मग ते करता करता तोंडाने सांगायचं, आता हातचा एक घेतला. आणि तिथेच दिसायचं की हातचा त्याने पेन्सिलीच्या टोकावर ठेवला आणि टोक मोडलं म्हणून पेन्सिलच बदलली." ते हसले. "तू केलंस ते तुझं गणित. सकाळचं गणित कर. गेम्बो, तीर मारल्यासारखं करा. रिंझिन, तुम्ही सकाळी केलंत तेच करा."

आपा गेम्बो गंभीरपणे मैदानात गेले, रिकामं धनुष्य ताणलं आणि सोडलं.

"लागला, ठिपक्यात," लोपोन म्हणाले.

आउम रिंझिनने गेम्बो निवडलं, तीन टाकले. टीव्हीवर तीन आले. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"आणि आता 'पुढचा' दाबा," थिनले म्हणाला.

"आत्ता कसा दाबू? पुढचा कुठे आलाय? अजून नाच व्हायचाय."

थिनलेने डोळे मिटले. "आउम, नाच झाला असं समजा."

"काही गाळायचं नाही," लोपोन म्हणाले. "नाच करा."

वरच्या संघातले तिघे वादाला कंटाळून घरी गेले होते. उरलेले दिवसभर उभे राहून दमले होते. ते ओळीत आले, एक गिरकी घेतली, एक ओळ गुणगुणली आणि थांबले. आउम रिंझिनने मान हलवली. "एवढ्यात संपला नव्हता. चार कडवी होती."

"चार कुठली, तीन," कुणीतरी म्हणालं.

"चार," आपा गेम्बो फळीकडून गरजले. "माझा तीर ठिपक्यात होता. चौथं कडवं मी स्वतः मोजलंय. आणि ओळीत दहा माणसं होती. थिनले, ये इकडे."

"मी? आपा, मला नाचता येत नाही."

"तीर मारता येत नाही, नाचता येत नाही. ये म्हणतो ना."

थिनले सासरा आणि ज्योतिषी यांच्या मधोमध उभा राहिला. गाणं सुरू झालं. हात वर, एक पाय पुढे, गिरकी, हात खाली. तो दर वेळी सगळ्यांच्या उलट दिशेला वळत होता. खालच्या गावच्या बायकांनी घरी जायचा बेत रद्द केला. दुसऱ्या कडव्यात त्याने ज्योतिष्यांच्या पायावर पाय दिला. तिसऱ्यात अंगरख्याच्या खिशातून टीव्हीचा रिमोट, दोन पेन आणि अर्धं सोललेलं संत्रं बाहेर पडलं. आपा गेम्बो मात्र अगदी सकाळसारखे नाचत होते, डोळे मिटून, दुखऱ्या गुडघ्यासकट.

चौथ्या कडव्याच्या मध्यावर, दोन्ही हात आभाळाकडे असताना, थिनलेला मंडपातून आउम रिंझिनचा आवाज ऐकू आला.

"झालं. विचारलं त्याने नाव."

थिनलेचे हात वरच राहिले. "काय विचारलं?"

"माझं नाव. आणि पासवर्ड. फळीला तीर लागला की दर वेळी विचारतो." त्या कागद बघून शांतपणे टाईप करत होत्या. "मला वाटलं, रीत असेल तुमची. चांगला तीर लागला की मोजणाऱ्याचीही दखल घ्यायची."

ओळ पुढे सरकली. थिनले तिथेच हात वर करून उभा राहिला, आणि मागून येणारे दोघे त्याला वळसा घालून गेले. दोन महिन्यांचं काम त्याच्या डोळ्यांपुढे उलगडत होतं.

गेल्या वर्षी त्याने जनावरांच्या एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. तिथले कारकून याकची माहिती अर्धवट भरून चहाला जात, आणि मागून येणारा त्यातच एखाद्या गाईचा ताप भरून टाकी. म्हणून थिनलेने त्यात एक सोय केली होती. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही, की सॉफ्टवेअरने अर्धवट भरलेलं टाकून द्यायचं, स्वतःला कुलूप लावायचं आणि नाव-पासवर्ड विचारायचं. तिरंदाजीचं काम हातात घेताना त्याने तोच जुना सांगाडा उचलला, याकच्या जागी माणसं घातली आणि ही सोय साफ विसरला. आणि गुण पक्के होत होते 'पुढचा' दाबल्यावर.

तीर चुकला किंवा नुसता जवळ रुतला, तर नाच नाही. पुढचा तिरंदाज लगेच येई, आउम बटण दाबत, गुण पक्के. तीर फळीला लागला की नाच. नाच दोन मिनिटांहून मोठा. गुण गेले. आणि नाच झाला तेव्हा दोन्ही गावांचे डोळे नाचणाऱ्यांवर, टीव्हीवर कुणाचेच नाहीत. थिनलेने घरी तीनशे तीर मारले, मंडपात चाळीस मारले. त्यांतल्या एकाही तिरानंतर तो नाचला नव्हता.

"लोपोन," तो म्हणाला, "सापडलं."

"हात खाली घे आधी," लोपोन म्हणाले.

त्याने सगळ्यांना समजावलं. टीव्हीवरची यादी दाखवली. आत्ताच टाकलेले तीन गुण तिथे नव्हते. मग कुलूप काढून टाकलं, गुण टाकल्याबरोबर पक्के होतील असं केलं, आणि लोपोननी पुन्हा एकदा सगळा नाच करायला लावला. चार कडवी झाली. तीन गुण जागच्या जागी होते. ते चाचणीचे म्हणून थिनलेने पुसले. आपा गेम्बोंनी ओळीतून बाहेर येऊन जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जमलेल्यांकडे बघत म्हणाले, "बसून करतो, पण करतो."

थिनलेला आठ वर्षांत मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. त्याने ते हात जोडून घेतलं.

"आता गेलेले गुण," लोपोन म्हणाले. "किती गेले ते कसं कळणार?"

"फडकी मोजा," आपा गेम्बो छाती काढून म्हणाले. "फळीला लागलेल्या प्रत्येक तिराचं फडकं कमरेला आहे. आणि ठिपका कुणाचा, हे सगळ्यांना माहीत आहे."

ते पुढे झाले. त्यांच्या कमरेला एक पिवळं फडकं. वरच्या संघातल्या आणखी दोघांच्या कमरेला एकेक. घरी गेलेल्या तिघांच्या कमरा कोऱ्या होत्या, हे त्यांच्याच माणसांनी सांगितलं. म्हणजे तीन, दोन आणि दोन. सात गुण. थिनलेने ते भरले. टीव्हीवर वरचा संघ एकवीस झाला. गेम्बोंपुढे तीनचा आकडा आला आणि छिमीने टाळी वाजवली.

"आता खालचा संघ," लोपोन म्हणाले.

चेंचो पुढे आला. थंडी पडू लागल्यामुळे त्याने अंगावर शाल घेतली होती. ती बाजूला केल्यावर त्याच्या पोटाच्या घेराभोवती दडलेली फडकी एकेक करून दिसू लागली. हिरवं. तांबडं. पांढरं. मागे वळल्यावर आणखी एक. त्याच्या भावाच्या कमरेला एक. आणखी एकाच्या कमरेला एक, आणि ते ठिपक्याचं होतं, दुपारी जेवणाआधीचं. त्याचा नाच तर सगळ्यांना आठवत होता, कारण त्यात एकाचा बूट हरवला होता.

पाच तिरांचे दोन-दोन, एकाचे तीन. तेरा गुण.

थिनले ते भरू लागला. त्याच्या बोटांना आधी कळलं, मग डोक्याला. त्याने शेवटचं बटण अगदी हळू दाबलं. सॉफ्टवेअर आता निर्दोष होतं. त्याने क्षणाचाही विलंब न लावता टीव्हीवर दाखवलं: खालचा संघ सव्वीस. त्याखाली, थिनलेने मोठ्या हौसेने रंगवलेल्या अक्षरांत, विजयी.

खालच्या संघाचा नाच अंधार पडेपर्यंत चालला. आउम रिंझिनसुद्धा ओळीत होत्या.

रात्री घरी जेवणं चालली होती. सासूबाईंनी थिनलेच्या वाटीत भात वाढला, म्हणजे घरात येऊ दिलं होतं एवढं नक्की. छिमी खाली मान घालून जेवत होती आणि तिचे खांदे हलत होते. आपा गेम्बोंनी पिवळं फडकं अजून कमरेलाच ठेवलं होतं. त्यांनी एक मिरची निवडून बाजूला केली.

"थिनले, ते दुरुस्त करायला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं, आपा."

"आणि एकच तीर दुरुस्त करायचा असता तर?"

"एकच कसा करणार, आपा? दोष एकच होता. तो गेला की सगळेच परत येतात."

आपांनी घास गिळून वर पाणी घेतलं.

"मी माझे तीन मागितले होते," ते म्हणाले. "त्यांचे तेरा शोधायला तुला कुणी सांगितलं होतं?"